सांध्यावरची पुट्टी

माऊसवरचा घामेजलेला तळवा तिनं कोटाला पुसला आणि पडद्यावरचं यकृत डॉक्टरांकडे वळवलं.

पंचवीस वर्षं एक्स-रे काढत आलेली ती गेले तीन आठवडे हे नवं सॉफ्टवेअर शिकत होती. स्कॅनच्या चारशे चकत्यांवर रंग भरायचे, मग त्या एकावर एक रचून अख्खा अवयव उभा करायचा. यकृत तपकिरी, मोठी शीर निळी, गाठ पिवळी. खऱ्या रोग्यासाठी केलेलं हे तिचं पहिलंच काम.

डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून वाकले.

"झकास जमलंय, बाई." मग त्यांचा आवाज उतरला. "पण गाठ शिरेला चिकटलीय. ऑपरेशन नाही करता येणार."

रोगी बाहेर बाकावर होता. पन्नाशीचा सुतार. डॉक्टरांनी त्याला आत बसवून काही न लपवता सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पडद्याकडे बोट केलं.

"हे माझं?"

"तुमचंच, दादा," ती म्हणाली.

"पण देवाचं काम एवढं गुळगुळीत असतं होय?" तो किंचित हसला. "आमच्यातला नवखा गडी अशीच पुट्टी फिरवतो. दिसायला फक्कड, पण सांधा कुठं होता ते शोधत बसा!"

तिचा हात माऊसवर थबकला. काल त्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा बघवेनात, म्हणून तिनं कडा घोटायचं बटण एकदा नाही, तीनदा दाबलं होतं. डॉक्टर खूश व्हावेत, एवढंच मनात.

"डॉक्टर..." ती म्हणाली. "मी घोटलंय हे. तीनदा."

कुणी काही बोलायच्या आत तिनं तिन्ही वेळचं घोटणं मागे घेतलं. यकृत ओबडधोबड झालं. मग मूळची एकेक चकती उघडली. गाठ आणि शीर यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ होती. पुढच्या चकतीतही होती. त्याच्या पुढच्याही.

डॉक्टरांनी माऊस स्वतःकडे घेतला. चकत्यांवरून वर गेले, खाली आले, पुन्हा वर.

"दीड मिलिमीटर," ते शेवटी म्हणाले. "गाठ सगळीकडे सुटी आहे."

"माझी करवत जाते की एवढ्यातून," सुतार म्हणाला.

"करवत तुमची घरीच असू द्या, दादा." डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "सोपं नाही. पण करू."

ती ओशाळून म्हणाली, "कडा जरा साफ करू का?"

"हात लावू नका! बसा इथं. कुठून शिरायचं ते दोघं बघू."

सुतार उठला. जाताना त्यानं आपली खुर्ची तिच्यासाठी पुढं सरकवली, पाठीला धरून हलवून पाहिली आणि खाली वाकून खुर्चीचा पाय चाचपला.

"डुगडुगतेय ही," तो म्हणाला. "टाके निघाले की हत्यारं घेऊनच येतो."