तोरणाला जू

खांदमळणीच्या दिवशी गावात दवंडी पिटू नये, असा काही कायदा नाही. पण एवढी अक्कल गावच्या कोतवालालाही होती. ती सरकारला नव्हती. सन अठ्ठेचाळीसचा पोळा उद्यावर आला होता. तातेराव पाटलांची बायको द्वारकाबाई गोठ्यात हरण्या आणि पवळ्याच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होती. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला खांदा पोळ्याच्या आदल्या दिवशी असा मळायचा, बैलाची माफी मागितल्यासारखा. तेवढ्यात हलगी कडाडली.

"ऐका हो! सरकारचा हुकूम हाय! उद्या दुपारी नदीकाठच्या समद्या गावांनी गाड्या जुंपून वेशीत उभ्या कराव्या! कळमनुरीहून दारूगोळ्याच्या पेट्या पैनगंगेच्या काठाला न्यायच्या हायती!"

द्वारकाबाईचा हात हरण्याच्या खांद्यावरच थांबला.

हा दिवस निवडणारा गिरदावर शहरातला माणूस. महसुलाचं काम बघायचा, घोड्यावरून फिरायचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पोळ्याच्या दुपारी गावोगावचे झाडून सगळे बैल धुऊन-पुसून, खाऊन-पिऊन वेशीत उभे असतात. वा! याहून मोठी सोय कोणती? बैल त्या दिवशी वेशीत कशाला उभे असतात, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे हिंदुस्थान सरकारचं. हैदराबादेत लढाईची भाषा सुरू झाली होती. नदीने राज्यं वेगळी केली असली तरी सोयरिकी काही वेगळ्या केल्या नव्हत्या. द्वारकाबाईचं माहेर पलीकडचं सावरगाव. तिचा भाऊ उत्तमराव अजून तिथंच नांदत होता. हरण्या-पवळ्या त्याच्याच गाईचे. गोऱ्हे असताना त्याने ते नदीतून पोहवत आणले आणि बहिणीच्या दावणीला बांधले होते. आता त्याच बैलांनी दारूगोळा ओढायचा, आणि तो डागायचा सावरगावावर! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. शेजारच्या गावांची कारभारी माणसंही आली. बायका देवळाच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. तातेराव पाटील तसा वाईट माणूस नव्हता, पण पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि ती जायच्या भीतीने त्याची जीभ नेहमी दोन्ही बाजूंनी बोलायची.

"गिरदावराला सांगू, सण हाय," तातेराव म्हणाला. "पोळ्याला बैल जुंपत न्हाईत. त्याला बी पटंल. कुणाला तकलीफ न्हाई."

माना डोलल्या. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. शेजारगावचा माणिकराव तर उठून चपला शोधायला लागला.

"आन परवा?"

द्वारकाबाईने पदर पुढं ओढला, पण आवाज मागं घेतला नाही. "परवा सण सरला, की काय सांगणार? आज सण म्हणून न्हाई म्हणलं, तर परवा व्हय म्हणावं लागंल. आपल्याला लढाई नको, हे काहून सांगत न्हाई तुमी? या पारावर असा एक तरी हाय का, ज्याची लेक नाहीतर बहीण नदीपल्याड न्हाई?"

तातेरावाचा चेहरा लालबुंद झाला. चार गावांच्या माणसांपुढं बायको बोलली, हा एक राग. आणि ती बरोबर बोलली, हा दुसरा. दुसरा राग जास्त वाईट असतो.

"सांगायला काय जातं तुझं?" तो गुरगुरला. "पाटीलकी जप्त हुईल. बैल जप्त हुतील."

"मेंढरामागं मी दोन्ही काठांनी हिंडतो," म्हातारा मेंढपाळ लिंबाजी म्हणाला. "पल्याड बी हीच बोलणी चालू हायती, पाटील. तेंला बी लढाई नको."

शेवटी माणिकरावाने तोड काढली. पोळा फोडायचा मान तातेरावाचा. त्याची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय आसपासच्या गावांतही बैल हलत नसत. "उद्या तुमच्या वेशीत तोरणाला जू टांगलं दिसलं, तर आमी बी टांगू. त्याचा अर्थ लढाईला न्हाई. नुसतंच तोरण दिसलं, तर सण झाला आन आमी घरी गेलो. बोला, बराबर हाय?"

"मी टेकाडाच्या बरडावर उभा ऱ्हातो," लिंबाजी म्हणाला. "जू दिसलं की घोंगडी हलवीन. फुडल्या बरडावर मेंढरं राखाया आमचा नामाजी हाय. त्याच्या फुडं आणिक कुणी उभं करतो."

तातेराव हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. घरी आल्यावर तो मान खाली घालून जेवला. द्वारकाबाईनेही ताट वाढण्यापलीकडे काही केलं नाही. तिने मनाशी ठरवलं होतं: हा नाही बोलला, तर जू मी नेईन.

सकाळी पुरण शिजत घालून ती गाडीपाशी गेली, तर गाडीला जू नव्हतं. तिने गोठा पाहिला, कडब्याच्या गंजीमागं पाहिलं. कुठंच नव्हतं. विहिरीवर पाहायला गेली, तर मोटेचा जाडजूड नाडाही गायब. म्हणजे नवऱ्याने आपला बेत ओळखून जू लपवलं! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढी चीड तिला कधी आली नव्हती. रडत रडतच तिने आरतीचं ताट केलं. बैलांना ओवाळायचं तर होतंच, त्यांनी काय पाप केलं होतं?

दुपारी वेशीत अख्खं गाव लोटलं. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. गिरदावर शिपायांना घेऊन घोड्यावर बसलेला होता आणि घुंगरमाळांकडे कौतुकाने बघत होता. इतके तयार बैल त्याने जन्मात पाहिले नव्हते.

"वा, बैल तो माशाल्ला! लेकिन गाड्या कुठं हायत? पाटील कुठं हाय?"

तातेराव दिसत नव्हता. हरण्या-पवळ्याला कोतवाल धरून उभा होता. द्वारकाबाईने दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं आणि वर पाहिलं. आंब्याच्या पानांचं तोरण होतं, पण ते दरवर्षीच्या सुतळीला बांधलेलं नव्हतं. तो तिच्याच विहिरीचा नाडा होता. आंब्याच्या पानांना एवढा जाड नाडा कशाला?

आणि मग गर्दी फाकली. तातेराव पाटील येत होता. डोक्याला ठेवणीतला फेटा, आणि खांद्यावर गाडीचं जू. ज्या माणसाने पाण्याचा तांब्या कधी स्वतः उचलला नाही, तो वाकून, घाम गाळत, बैलाच्या जागी आपला खांदा देऊन जू आणत होता. त्याने ते दोघांच्या मदतीने नाड्याला बांधलं. तोरण मधोमध लवलं.

"साहेब, गावाचं म्हणणं ऐका," तो म्हणाला, आणि या वेळी त्याची जीभ एकाच बाजूने बोलली. "हे सणापायी न्हाई. सण उद्या सरंल. लढाईला आमच्या गावचा बैल, गाडी, माणूस, काही बी मिळणार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. नदीपल्याड आमच्या लेकी नांदत्यात. वर कळवा."

गिरदावराचं कौतुक मावळलं. "पाटीलकी जाएगी. बराबर समजून बोला."

"पाटीलकी सरकारची हाय, न्या. बैल माझ्या मेव्हण्याचे हायती, ते त्याच्या घरावर जाणार न्हाईत."

मघाशी रागाने रडलेली द्वारकाबाई आता आनंदाने रडत होती, आणि लपवत नव्हती.

हलग्या, ढोल एकदम उठले. हरण्या-पवळ्या जुवाखालून डौलात गेले आणि पोळा फुटला. मागून गावातला प्रत्येक जण आपापलं जू घेऊन आला. नाडा आणखी आणखी खाली आला. बरडावर लिंबाजीची काळी घोंगडी पावसाळी आभाळात गरगर फिरली. मग पुढच्या बरडावर दुसरी, त्यापुढं इवलीशी तिसरी.

गिरदावराने घोड्याला टाच मारली आणि पुढच्या गावी गेला. तिथल्या वेशीत माणिकराव जू बांधून हात पुसत होता. त्याच्या पुढच्या गावीही तेच. त्यापुढच्या गावी तर जुवांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

कळमनुरीची वाट तातेरावाच्या वेशीतूनच होती. दिवेलागणीला गिरदावर परतला, तेव्हा तोरण इतकं लवलं होतं की घोड्यावरून जाणं शक्यच नव्हतं. त्याने लगाम खेचला. मग खाली उतरला, फेटा सावरला आणि चारचौघांसमोर वाकून जुवांखालून गेला. कुणी हसलं नाही. द्वारकाबाईने त्याच्यापुढं पुरणपोळीचं ताट धरलं.

"सणाचं पाव्हणं उपाशी जाऊ नये, साहेब."

त्याने उभ्या-उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या. "मेरी भी बहेन नदीपल्याड उमरखेडला आहे," तो हळूच म्हणाला, आणि घोड्याचा लगाम धरून चालू लागला.

लढाई पुढं झालीच. पण ती चार-पाच दिवसांतच आटोपली आणि निजामाचं राज्य गेलं. तातेरावाची पाटीलकी जप्त करायचं त्या सरकारचं राहूनच गेलं. नदीला उतार पडताच उत्तमराव सावरगावाहून बहिणीला भेटायला आला. वेशीत जुवं अजून टांगलेलीच होती. त्यांच्याकडे बघत तो सरळ गोठ्यात गेला आणि त्याने हरण्याच्या खांद्यावरून हात फिरवला. तळहाताला हळद लागली.

"आक्का, याच्या खांद्यावरची हळद अजून तशीच हाय की गं!"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली. "पोळ्यापासून जुंपलंच न्हाई त्याला. आता तू आलास, आता जुंपू. पेरणीला."