अस्वलानं दिलेला जावई

पेजेचा पहिला घोट आसारामच्या घशाखाली तसाच कधी उतरला नाही. आधी पळसाच्या पानावर चार थेंब सांडायचे, बडादेवाचं नाव घ्यायचं, मग ज्यांच्यामुळे आपण जगलो त्या एकेका माणसाचं. नाळ कापणारी सुईण, झाडावर चढायला शिकवणारा मामा, तापात पाठुंगळीला घेऊन दरेकसा स्टेशनापर्यंत नेणारा छोटेलाल. ज्याचं नाव एकदा या थेंबांत आलं त्याच्यावर मरेपर्यंत हात उगारायचा नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. लग्न होऊन आली तेव्हा त्याच्या बायकोला, दुर्पताला, ही रीत फार आवडली होती. आताशा ती त्या वेळी पाठ फिरवून चूल फुंकत बसे, कारण शेवटचं नाव गुलशनचं असे.

गुलशन त्यांचा जावई. काही वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना अस्वलानं आसारामला खाली पाडलं, अर्धा चेहरा ओरबाडून नेला, एक डोळा फोडला. सोबतचे टोपल्या टाकून पळाले. शेजारच्या गावचा गुलशन तेवढा कुऱ्हाड घेऊन धावला आणि अस्वल जंगलात पळेपर्यंत घाव घालत राहिला. दवाखान्यातून घरी आल्यावर आसारामनं ठरवलं की एवढ्या उपकाराला देणंही तेवढंच मोठं हवं. दुर्पता म्हणाली, बैलजोडी द्या. त्याला बैलजोडी हलकी वाटली. घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लेक खुशबू, म्हणून त्यानं खुशबू दिली. गावानं वाहवा केली, पोरीला मात्र कुणी विचारलं नाही.

अस्वलावर जो हात थांबला नाही तो बायकोवरही थांबेना. पहिल्यांदा खुशबू आली ती दोन दात गमावून. आसारामनं तिला धीर धरायला सांगितलं, देव पाहतो आहे म्हणाला, आणि स्वतः नेऊन पोचवली. दुसऱ्यांदा पाठीवर कोळशाचे चटके होते. तेव्हाही त्यानं तेच केलं. दुर्पताच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नवऱ्याचा तो फाटका चेहरा, त्यावरून ओघळणारं पाणी पाहून ती पुन्हा चुलीकडे वळली. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

तिसऱ्यांदा खुशबू आली तेव्हा तिचा डावा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता. रात्रभर ती कण्हत होती, आणि सकाळी आसाराम पळसाच्या पानासमोर बसला असतानाच गुलशन अंगणात आला. पोटात दारू होतीच. आसारामनं हात जोडले, जवाई, बसा, घोटभर पेज घ्या म्हणाला. गुलशननं पेजेचं भांडं लाथेनं उडवलं. गरम पेज आसारामच्या मांडीवर सांडली तरी त्याचे जोडलेले हात सुटले नाहीत. गुलशन घरात शिरला आणि खुशबूला केसांना धरून उंबऱ्यावरून ओढत बाहेर आणू लागला. मोडका हात उंबऱ्याला अडकला तेव्हा ती जी किंचाळली, ती किंचाळी दुर्पताला सहन झाली नाही.

तिनं भिंतीशी उभं असलेलं मुसळ उचललं आणि जावयाच्या बरगडीत घातलं. तो कोलमडला, रक्त थुंकला. दुसरा घाव डोक्यात बसला असता, पण मागून कुणीतरी मुसळ घट्ट धरलं. आसारामच होता.

"त्याच्यावर हात नाई उचलाचा," तो रडत म्हणाला. "त्यानं जीव देल्ला मले."

तेवढ्या वेळात गुलशननं वळचणीची कुऱ्हाड ओढून काढली. तो दुर्पताकडे वळला नाही. मातीत पडलेल्या खुशबूच्या उरावर त्यानं पाय ठेवला आणि आज हिचा निकालच लावतो म्हणाला. दुर्पता मुसळाला हिसके देत होती, नवरा सोडत नव्हता. शेवटी तिनं हिसके देणं थांबवलं आणि त्याच्या उरल्या डोळ्यात पाहिलं.

"जीव तुमाले देल्ला ना त्यानं? मंग तुमचा वापस करा. माह्या पोट्टीचा काऊन देऊन राहिले?"

आसारामच्या हातातून मुसळ सुटलं. इतकी वर्षं रोज सकाळी त्यानं आभार मानले होते, पण फेड पोरीच्या अंगातून चालली आहे हे त्याला कुणी असं सांगितलं नव्हतं. तो धावला नाही, चालत गेला आणि लेकीवर वाकून आडवा झाला. कुऱ्हाड खाली आली ती त्याच्या खांद्यात, हाडापर्यंत. दुर्पतानं हाड तुटल्याचा आवाज ऐकला. गुलशननं पातं उपसायला जोर लावला, पण ते रुतून बसलं होतं. तो दांडा सोडून दोन पावलं मागे सरकला. मारायचं होतं एकीला आणि लागलं भलत्यालाच, हे त्या दारूतही त्याला कळलं असावं.

आसाराम गुडघ्यांवर उठला. रक्त बंडीतून ठिबकत जमिनीवरच्या पेजेत मिसळत होतं. त्यानं जावयाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि दुर्पताला त्याचीच भीती वाटली. हा आता पुन्हा हात जोडतो की काय, असं तिच्या मनात आलं.

"फिटलं," तो म्हणाला.

मग त्यानं शाबूत राहिलेला हात मागे, बायकोकडे पसरला.

"आता दे मुसळ."

दुर्पतानं दिलं.