सातवं पाऊल

“सात म्हणायचं, ग्यानोबा. सहा न्हाई, आठ न्हाई. विचारलं की लगेच, सात.”

शरणप्पा वकील हे तिसऱ्यांदा सांगत होते. लातूरच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्यांचं टेबल होतं. समोरच्या बाकावर ग्यानोबा मांडीवर टोपी ठेवून बसले होते.

“पण वकीलसाहेब, आमच्यात पावलं नसतात,” ग्यानोबा म्हणाले.

“मला ठावं हाय की! आमच्यात तरी कुठं होम हाय? लिंगायताच्या लग्नाला जंगम येतो, पंचकळस मांडतो, झालं लगीन. पण आमची रीत जुनी. तुमची छप्पन सालची. तीस वर्षांच्या गोष्टीला रूढी म्हणत न्हाईत, असं समोरचा वकील म्हणणार. मग राहिलं काय? सप्तपदी. या कायद्याच्या पुस्तकात तुम्ही-आम्ही समदे हिंदूच हाव.”

“म्या तर तीस वर्षं झाली...”

“तुम्ही असाल हो बौद्ध! कायद्याला सांगून आलता का? सात म्हणालात तर सुमन साहेबरावाची बायको. न्हाई म्हणालात तर कोणीच न्हाई. आता तुम्हीच बघा.”

ग्यानोबा देवणीच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सरकारी कागदावर या कामाला व्रणोपचारक म्हणतात, आणि तो शब्द अख्ख्या दवाखान्यात न अडखळता म्हणणारे ते एकटेच होते. त्यांच्या बापानं जन्मभर गावची मेलेली ढोरं ओढली. ग्यानोबा जिवंत ढोरांना मलमपट्टी करत. या फरकाचा त्यांना मनातून फार अभिमान होता, आणि का नसावा? औंदा तर त्यांना उसंत नव्हती. पाऊस दोन वर्षं तोंड फिरवून बसला होता, माळावर छावणी पडली होती. उठण्याचं त्राण नसलेली जनावरं एकाच कुशीवर पडून राहत आणि त्यांच्या बरगड्यांवर जखमा होत. त्या धुवायला पाणी टँकरचं, तेही माणसांचं भागलं तर. तिथून एका दिवसाची रजा काढून ते आले होते.

सुट्टीच्या दिवशी ते लग्नं लावत. लोक त्यांना भंतेजी म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्त करत, “भंते न्हाई, बौद्धाचार्य.” देवणीपासून जळकोटपर्यंत आपल्या माणसांची कितीतरी लग्नं त्यांनी लावली होती. पांढरा शर्ट, खिशात पेन, आवाज खणखणीत. मांडवात ते उभे राहिले की पोरंसोरं गप्प बसत. घरी मात्र त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावातली घरंच्या घरं त्यांच्या हातून वसली होती आणि संध्याकाळी त्यांच्या चुलीपुढं ते एकटेच असत.

सुमन त्यांच्या मित्राची, भीमाची लेक. तिचं लग्न त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात लागलं, तेही दुष्काळातच. सगळं गाव तेव्हा खडी फोडायच्या कामावर होतं. नवरदेव साहेबराव त्याच कामावर हजेरी घ्यायचा. खडीच्या ढिगाऱ्यामागं चार बांबू रोवून मांडव घातला. फोटोवाला उदगीरहून यायचा होता, तो आलाच नाही. ग्यानोबांनी लग्न लावलं, पण एका चिठोऱ्यावरही काही लिहून दिलं नाही. लग्नाला पुरावा लागतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं?

पुढं नऊ वर्षं संसार झाला. चांगुणा झाली. मग लातूर जिल्हा झाला, नवी कार्यालयं उघडली, साहेबराव एका कार्यालयात कारकून झाला, आणि नव्या कारकुनाला जुनी बायको शोभेना. सुमनला माहेरी पाठवून त्यानं दुसरी केली. शिकलेला गडी, त्यानं दुसरं लग्न कचेरीत जाऊन रीतसर नोंदवलं. पहिली बायको नाही असं लिहून दिलं. सुमन नांदेडला एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि तिथूनच तिनं पहिली असताना दुसरी केल्याची फिर्याद केली. त्यावर साहेबरावाचं उत्तर एवढंच होतं, की सुमनशी आपलं लग्न झालंच नव्हतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. तिशीतच केस पिकायला लागले होते. ग्यानोबांना पाहून तिनं पदर सावरला.

“जेवलात का, मामा?”

“हाव. तू?”

“मला जात न्हाई काही. मामा, मला त्याच्या घरी नांदायचं न्हाई. पण नऊ वर्षं मी कोण म्हणून राहिले त्या घरात, एवढं कोर्टानं सांगावं. त्यानं जबाबात काय लिहिलंय ठावं हाय का? ठेवलेली बाई. चांगुणा वाचायला शिकलीय आता.”

ग्यानोबांना तिच्याकडं पाहवेना. कारण एक गोष्ट तिला आठवत नसली तरी त्यांना आठवत होती. त्या दिवशी मांडवात सुमनची आत्या, सरजाबाई, पदराआड एक पेटती दिवली घेऊन आली होती. पोरांना तिच्याभोवती सात फेरे घालू द्या, मागून मला घोर नको, एवढंच तिचं म्हणणं. ग्यानोबांनी ती दिवली फुंकून विझवली. “बावीस प्रतिज्ञा काय भाकरीसंगं खाल्ल्या का, सरजाबाई?” असं साऱ्या मांडवादेखत म्हणाले. माणसं हसली. सरजाबाई खडीच्या ढिगाऱ्यामागं जाऊन रडली. तेव्हा आपण फार मोठं काम केलं असं त्यांना वाटलं होतं. आज वाटत होतं, पाच मिनिटं डोळे झाकले असते तर काय बिघडलं असतं?

दारातला शिपाई लतीफ पुकारे करून दमला होता. तो ग्यानोबांजवळ टेकला. प्रकरण काय, ते त्याला ठाऊक होतं.

“चाचा, हमारे में काझीसाब की वही रहती. नवरीची सही, गवाहांची दस्तखत, सब. तुमच्यात वही न्हाई का?”

“न्हाई.”

“रखना था, चाचा.” मग तोच उसासून म्हणाला, “वैसे वही असून बी काय होतं म्हणा. माझी बहीण तीन शब्दांवर घरी आलीय. हर एकाचा कायदा अलग, पण रडणं सारखंच.”

तेवढ्यात आतून नाव आलं आणि लतीफनं उठून, जणू ओळखच नाही अशा आवाजात, ग्यानोबांचा पुकारा केला.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर लतीफनंच शपथ सांगायला घेतली. “ईश्वरास स्मरून...”

“ईश्वर न्हाई,” ग्यानोबा म्हणाले. “म्या मानत न्हाई.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “हरकत नाही. गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा घ्या. कायद्यात तशी सोय आहे.”

ग्यानोबांना बरं वाटलं. कायद्याच्या एवढ्या मोठ्या पुस्तकात आपल्यासाठी एक ओळ तरी आहे म्हणायची.

शरणप्पांनी सरळ विचारलं. लग्न लागलं का? लागलं. कोणी लावलं? म्या. सप्तपदी झाली का? ग्यानोबांनी एकदा सुमनकडं पाहिलं. ती दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली होती.

“झाली,” ते म्हणाले. “सात पावलं.”

शरणप्पा खाली बसले. साहेबरावाचा वकील उठला. तरुण होता, आवाज गोड होता. साहेबराव त्याच्यामागं खाली मान घालून नखं पाहत होता.

“बाबा, सात पावलांना सात मंत्र असतात. ते कोणी म्हटले? ब्राह्मण होता?”

“न्हाई. म्याच म्हटले.”

“वा! मग तेच म्हणा की. पावलागणिक एकेक. कोर्टालाही ऐकू द्या.”

शरणप्पांनी हे सांगितलं नव्हतं. ग्यानोबांना ते मंत्र येत नव्हते, कधी कानावरच पडले नव्हते. पण मांडवात आपण जे म्हणतो ते त्यांना झोपेतही आलं असतं. त्यांनी घसा साफ केला, हात जोडून सोडले आणि एकेक बोट वर करत म्हणायला सुरुवात केली.

“बुद्धं सरणं गच्छामि. हे पहिलं. धम्मं सरणं गच्छामि. दुसरं. संघं सरणं गच्छामि. तिसरं.” आवाज आपोआप खणखणीत झाला. “पाणातिपाता वेरमणी. जीव घेणार न्हाई. चवथं. अदिन्नादाना वेरमणी. चोरी करणार न्हाई. पाचवं. कामेसु मिच्छाचारा वेरमणी. परस्त्रीकडं जाणार न्हाई. सहावं.”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबरावाची मान आणखी खाली गेली. शरणप्पांनासुद्धा क्षणभर आशा वाटली.

“मुसावादा वेरमणी,” ग्यानोबा म्हणाले. “सातवं.”

आणि ते थांबले.

“अर्थ?” वकिलानं विचारलं. “प्रत्येकाचा सांगितलात. याचा काय?”

ग्यानोबांचं सातवं बोट तसंच वर राहिलं. हे वाक्य त्यांनी शेकडो नवरानवरींकडून म्हणवून घेतलं होतं. कुणी पुटपुटलं तर थांबवून पुन्हा म्हणायला लावलं होतं, मोठ्यानं.

“बाबा, अर्थ?”

“खोटं बोलणार न्हाई,” ग्यानोबा म्हणाले.

मग ते न्यायाधीशांकडं वळले. “साहेब, म्या आत्ता खोटं बोललो. पावलं झाली न्हाईत. हे शील हाय, मंत्र न्हाई. आन ते सातबी न्हाईत, पुढं एक दारूचं राहिलंय. पोरीची आत्या दिवली घेऊन आलती, सात फेरे घाला म्हणत हुती. ती म्याच विझवली. पोरीचा काही कसूर न्हाई. ती दोघं नवराबायको झाली हुती, साहेब. साऱ्या गावानं बघितलंय.”

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. वाईट माणूस नव्हता. शेवटी म्हणाले, “तुम्ही हे लग्न मानता, ते दिसतंच आहे. पण मी काय मानायचं, ते कायद्यानं ठरवलेलं असतं. या.”

बाहेर शरणप्पांनी फाईल काखेत मारली. “समोरच्यानं मंत्र विचारावेत, हे मलाबी सुचलं न्हाई,” एवढंच बोलून ते दुसऱ्या पक्षकाराकडं गेले. पुढं काय होणार, ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

सुमन ग्यानोबांच्या दोन पावलं पुढं चालत बसस्टँडवर आली. पाणपोईचे रांजण पालथे घातलेले होते. दोघं सिमेंटच्या बाकावर बसली. ग्यानोबांना वाटत होतं, हिनं ओरडावं, काहीतरी लागेल असं बोलावं. त्यांनीच शेवटी तोंड उघडलं.

“सुमन, म्या तुझं वाटोळं केलं. तवा दिवली विझवून एकदा, आज आणिक एकदा.”

“न्हाई, मामा.” तिचा आवाज कोरडा होता. “तुम्ही खोटं बोलायला लागलात तवा मलाच कसंतरी झालं. माझा बाप हुता तिथं मांडवात. त्यानं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीला सोडले हुते. त्याच्या लेकीचं लगीन होमाभवती झालं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?” मग तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. “पण चांगुणाला काय सांगू, ते सांगा मला. एवढंच सांगा.”

लग्नात काय म्हणायचं ते सगळं ग्यानोबांना पाठ होतं. याला मात्र काही नव्हतं.

नांदेडची गाडी फलाटाला लागली तशी तिनं डोळे पुसले आणि पिशवी उचलली. मग एकाएकी विचारलं, “मामा, तुमचं लगीन कसं झालतं?”

“माझं?” ग्यानोबांनी जरा आठवून पाहिलं. “रझाकाराच्या पुढच्या साली. जुन्याच रितीनं. बामण गावकुसापाशी उभा राहिला, लांबूनच मंत्र म्हणला, लांबूनच तांदूळ टाकले. आमच्या सावलीला यायचा न्हाई.”

“फेरे?”

“झाले. सात.”

सुमन त्यांच्याकडं पाहत राहिली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता. ती साधेपणानं म्हणाली, “मंग कायद्यानं तुमचं पक्कं हाय.”

“हाव,” ग्यानोबा म्हणाले.

कंडक्टर घाई करत होता. ग्यानोबांनी तिची पिशवी आत दिली. ती खिडकीशी बसली. गाडी सुरू झाली तरी हालत नव्हती, पुढं टँकर आडवा लागला होता. खिडकीच्या गजाला धरून ग्यानोबा एकदम बोलू लागले. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते.

“माझी गुणाबाई लई म्हणायची, आपलंबी एकदा नव्या रितीनं लावा की. पांढरं लुगडं घेऊन ठेवलं हुतं तिनं. समद्यांची लावता, आपलं कवा? म्या म्हणायचो, लोक हसतील. औंदा लग्नं लई हायत, पुढच्या साली बघू.”

“मंग?”

“मंग काय. धा वर्षं झाली तिला जाऊन.”

टँकर बाजूला झाला. सुमननं गजावरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि गाडी हलली तसा काढून घेतला.

ग्यानोबांची उदगीरची गाडी पाचला होती. ते परत बाकावर येऊन बसले. शेजारी जागा रिकामी होती. एका म्हाताऱ्यानं येऊन विचारलं, “कोणी हाय का इथं?” ग्यानोबा थोडे सरकले आणि म्हणाले, “न्हाई, बसा.”