मडक्याचा राखणदार

त्या सकाळी संग्रहालयाच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिकीटवाली, पहारेकरी, समोरच्या बेकरीतले दोघं, सगळे पंखा घोंघावणाऱ्या एका लॅपटॉपभोवती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थ्रेसियन थडग्यातलं मडकं संगणकावर चढवल्यापासून कचेरीतले सगळे लॅपटॉप तापत होते आणि दोन तासांत बॅटऱ्या माना टाकत होत्या. कझानलिकच्या खोऱ्यात थडग्यातल्या धनावर मेलेला धनीच भूत होऊन राखणदार बसतो, हे तर लेकरालाही ठाऊक.

रादोस्तिना कोपऱ्यात ओठ चावत उभी होती. मडकं ब्राउझरमध्ये हवं तसं फिरवून बघता येईल, असं पान तिनं दोन वर्षं खपून केलं होतं. संचालिका वासिल्का मॅडम ते दुपारी कायमचं काढून टाकणार होत्या.

"राखणदार आत शिरलाय," द्रागोय म्हणाला. जन्मभर चोरून थडग्यांची टेकाडं उकरली, खापरीही मिळाली नाही, म्हणून म्हातारपणी गडी भुतं उतरवणारा शक्तिउपचारक झाला होता. "कुणाला शंका असेल तर चपलांबरोबर बाहेर काढून या."

त्यानं तुळशीच्या जुडीनं शिंतोडे उडवले, बराच वेळ पुटपुटला आणि पडद्यावरच्या मडक्यापुढे नव्या टॅबमध्ये संत त्रिफोनचं चित्र लावलं. मिनिटाभरात पंखा गप्प. पहारेकऱ्यानं छातीवर क्रूस काढला.

"संताला बघून पळाला. पण मडकं दिसलं की परत येणार. ते पान गेलंच पाहिजे," द्रागोयनं ठणकावलं.

मॅडमना पटलं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. रादोस्तिनाला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"मॅडम, एकदा मला करू द्या."

तिनं मडक्याचं पान पुढे आणलं, पंखा घोंघावला. मग संताच्या जागी नव्या टॅबमध्ये बनित्सा या चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पदार्थाची पाककृती उघडली. मिनिटाभरात पंखा गप्प.

"राखणदार बनित्सालाही भितो की काय?" तिकीटवाली म्हणाली. "माझ्या सासूच्या हातची असेल तर भिईल बाई."

हशा थांबेपर्यंत रादोस्तिना थांबली.

"भूत नाही, चूक आहे, आणि ती माझी. मडकं जागचं हललं नाही तरी माझं पान ते सेकंदाला साठदा नव्यानं रंगवतं. टॅब मागे गेला की ब्राउझर ते काम थांबवतो. पुढे संत असो नाहीतर बनित्सा. पण तुम्ही अर्ध्या पडद्यावर मडकं उघडं ठेवता आणि बाजूला दिवसभर याद्या लिहिता. म्हणून ते राबतच राहतं."

"एवढी हुशार, तर काल का नाही बोललीस?" द्रागोय गुरगुरला.

"काल कळलंच नव्हतं. तुम्ही चित्र लावलंत तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याबद्दल आभार, काका."

तिनं तिथंच बसून पान बदललं. कुणी मडकं फिरवलं तरच रंगवायचं, हात काढला की थांबायचं. अर्ध्या तासानं मडकं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि पंखा मुकाट. वासिल्का मॅडमनी स्वतः ते फिरवलं, सोडलं, कान देऊन ऐकलं, पुन्हा फिरवलं.

"राहू दे पान," त्या म्हणाल्या.

"राहू दे, पण एक करा," रादोस्तिना म्हणाली. "पुन्हा काही बिघडलं तर आधी मला हाक मारा, खडसावून विचारा. माझ्या चुकीसाठी दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला कशाला बोल लावता?"