पाणी पिणारी हद्द

जमिनी मोजण्यात माझी एकतीस वर्षं गेली. हद्दीच्या खुणा म्हणून दगड पाहिले, विहिरी पाहिल्या, एका बाईने तर हद्द म्हणून वाळत घातलेली चादर दाखवली. पण पाणी मागणारी हद्द मी त्या गुरुवारीच पहिल्यांदा पाहिली.

गावाबाहेरच्या जुन्या वाटण्यांचे चिंधीएवढे तुकडे एकत्र करून तिथे नवी वसाहत उठणार होती. ज्याचा तुकडा पाचशे चौरस फूट भरेल त्याला नवं घर, कमी भरेल त्याला सहकार्याबद्दल आभाराचं पत्र. पत्रात कुणाला राहता येत नाही, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

घोडं अडलं एका शिंपिणीच्या तुकड्यापाशी. बाप वारलेला, मशीन आणि मुलगी घेऊन ती भाड्याच्या खोलीत राहायची, आणि ती खोलीही आता पाडली जाणार होती. बापाच्या वाटणीपत्रात पश्चिमेची हद्द अशी लिहिलेली: 'थोरला भाऊ खुर्ची टाकून बसला आहे ती जागा.' वाटणीच्या दिवशी थोरले खरंच तिथे रुसून बसले होते. लिहिणाऱ्याने विचारलं, पश्चिमेला काय? धाकटा म्हणाला, "दिसतंय ते लिहा." त्याने लिहिलं, वर शिक्का बसला.

थोरले आता सत्त्याऐंशीचे. बसायचे अजून तिथेच, पण सावलीबरोबर सरकत. त्यामुळे पुतणीची जमीन सकाळी ऐसपैस आणि संध्याकाळी रुमालाएवढी. दोन्ही घरांत चौतीस वर्षं अबोला. "त्याच्यापुढे हात पसरायचा नाही," असं बापाने मरताना बजावलेलं. बाप आडमुठा, काका त्याहून सवाई.

बिल्डरच्या माणसाने मात्र म्हाताऱ्याशी चांगलंच गूळपीठ जमवलं होतं. एक घर वाचवायचं होतं ना! त्याने पूर्वेकडे मोठी छत्री रोवली, टेबलफॅन लावला, पाठीला उशी दिली. आठवड्याभरात हद्द चार फूट पूर्वेला आली.

मी गेल्या गेल्या ते सगळं उचलायला लावलं. थोरले कुरकुरत झाडाच्या सावलीत जाऊन बसले. मग खास या प्रकरणासाठी आमच्या कार्यालयाने काढलेलं परिपत्रक मी मोठ्याने वाचलं. हद्दीच्या खुणेस कोणी हात लावू नये, हलवू नये, फूस लावू नये. माप खुर्चीच्या पुढच्या डाव्या पायापासून घ्यावे. खूण सरकती असल्याने अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा मोजावे. मध्येच खूण हलल्यास पहिल्यापासून.

"खूण कोण?" थोरल्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"बरं," म्हणाले, आणि ताठ बसले.

अकराचं माप आलं चारशे शहाण्णव. लांबीत जेमतेम अडीच इंच कमी! मला असा राग आला म्हणता. अडीच इंच म्हणजे काय, माणूस खोकला तरी खुर्ची तेवढी सरकते. पण हा गडी खोकेल तर शपथ.

पुतणी बाजूला उभी होती. मी हळूच म्हणालो, "बाई, आधीच एकदा त्यांच्याशी बोलला असतात तर?"

"बाबांनी नको म्हटलंय."

साडेअकराला दहा मिनिटं असताना थोरल्यांना तहान लागली. "पाणी द्या रे कुणीतरी." बिल्डरचा माणूस परिपत्रकाकडे बोट दाखवून म्हणाला, "फूस होईल." कुणी हललं नाही. म्हाताऱ्याने पुन्हा मागितलं, तेव्हा आवाज पार कोरडा निघाला.

पुतणी सरळ चालत गेली आणि पिशवीतली बाटली उघडून तिने त्यांच्यापुढे धरली. "काका, पाणी."

"नोंद घ्या साहेब!" बिल्डरचा माणूस ओरडला. "हिचा दावा बाद!"

"खुणेला पाणी पाजू नये असं यात कुठे आहे ते दाखवा. आत्ता राजीनामा देतो."

थोरल्यांनी बाटली संपवली. "तुझ्या बापाला अक्कल नव्हती," ते म्हणाले. "आज येईल, उद्या येईल म्हणून चौतीस वर्षं बसलोय इथे. मला तरी कुठे होती म्हणा."

मग उठले, खुर्ची धरून दोन फूट पश्चिमेला ओढली आणि भर उन्हात बसले. "माझ्या बाजूला जागा रग्गड आहे. मोजा."

पाचशे छत्तीस.

"अजून दोनदा मोजायचंय," बिल्डरचा माणूस निवांतपणे म्हणाला. "तासभर टिकतात का बघू."

दहाच मिनिटांत म्हाताऱ्याच्या टकलावरून घाम ओघळायला लागला आणि मान कलायला लागली. पुतणी रडकुंडीला आली. "काका, मला घर नको. सावलीत चला."

"गप बस."

मी तिन्ही रकाने भरले. पाचशे छत्तीस, पाचशे छत्तीस, पाचशे छत्तीस. खाली सही ठोकली.

"अहो साहेब, पावणेबाराच वाजतायत!"

"माझ्या घड्याळात साडेबारा झालेत," मी म्हणालो. एकतीस वर्षांतली माझी ती पहिली खोटी नोंद.

मग खुर्ची एका बाजूने मी धरली, दुसऱ्या बाजूने पुतणीने, आणि आम्ही ती सावलीत आणून ठेवली. म्हातारा उठायला तयार नव्हता, म्हणून त्याच्यासकट.