घरीच असते

सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की त्या वसाहतीत घराघरांच्या मागच्या अंगणांतून एकच आवाज सुरू व्हायचा. फट्, फट्, फट्. बायका घरच्या पुरुषांचे कामावरचे कपडे झटकत असायच्या. सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. तिथली राखाडी धूळ कपड्यांत अशी मुरून बसायची, की कपडे तसेच पाण्यात टाकले तर बादलीत चिखल व्हायचा आणि मोरी तुंबायची. म्हणून आधी कोरडे झटकायचे आणि मग भिजवायचे. ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती. सासवांकडून सुनांकडे ती आपसूक चालत आली होती.

या एका घरात मात्र ती सुनेपर्यंत पोचली नव्हती. "तू शिकलेली, तुझे हात पुस्तकाचे. धुण्याचं मी बघते," असं सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या सांगून टाकलं होतं. आधी नवऱ्याचे कपडे झटकले, आता मुलाचे. "हे निवृत्त झाले गं," त्या हसून म्हणायच्या, "पण धुळीला कुणी निवृत्त करेना!"

सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहत होती. पाहत राहणं हा तिचा स्वभावच होता. बाळ जास्त वेळ झोपलं तर त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणारी आई ती. सासूबाईंनी पँट दोनदा झटकली, तिसऱ्यांदा हात वर नेला आणि तो तसाच खाली आणला. उजवा कोपर बरगडीवर घट्ट दाबून त्या पालथ्या बादलीवर टेकल्या.

"आई, काय होतंय?"

"काही नाही गं. श्वासालाही कधी पाळी संपल्यासारखं वाटतं. जरा टेकतो, परत कामावर येतो."

हसण्यावारी नेलं खरं, पण त्यानंतर श्वासाचं टेकणं वाढतच गेलं. आधी चार कपड्यांनंतर, मग दोन, मग नुसतं दारापर्यंत चाललं तरी. अंगावरचे कपडे ढगळ दिसू लागले. उजव्या कुशीवर झोपवेना. दुखणं अंगावर काढायची त्यांना इतकी सवय, की दुखतंय हे विचारल्याशिवाय कळायचं नाही.

दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेही चोरून. धाकट्या नणंदेचं लग्न जमलं होतं. नवरा मुलगा त्याच कारखान्यात, घर ओळखीचं. सासऱ्यांनी सगळ्यांना बजावलं, "घरातलं दुखणं उंबऱ्याच्या बाहेर जाता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा का आईच्या छातीत काही आहे असं झालं, की लोक मुलीचीही छाती तपासायला लागतात."

म्हणून वसाहतीतला डॉक्टर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाचा गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "या काय काम करतात?" सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "काम कसलं, घरीच असते." सून शेजारीच उभी होती. तिला त्यात चुकीचं काही वाटलं नाही. तिने मान डोलावली.

छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी होतं. सुईने ते काढलं. त्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. "पण बहुधा तेच असणार," असं म्हणून डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या.

घरी आल्या आल्या सुनेने एक कप आणि एक ताट वेगळं काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाळ सवयीने रांगत आजीच्या मांडीकडे निघालं, तसं तिने त्याला मधेच उचललं. सासूबाईंचे पसरलेले हात क्षणभर तसेच राहिले, मग त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "आई अशीच असावी."

त्याच संध्याकाळी नवरा कामावरून आला. पिठाच्या गिरणीतून बाहेर पडावा तसा पांढुरका झालेला. बाळ त्याच्या पायाला बिलगलं, त्याने उचलून गालाशी गाल घासला, आणि सुनेने हसत हसत बाळाच्या जावळातली धूळ फुंकून काढली.

गोळ्यांनी लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, पण छाती काही मोकळी होईना. पाणी मात्र पुन्हा भरलं. डॉक्टरांनी पुन्हा काढलं आणि म्हणाले, "औषध बदलून बघू." सुनेने मोठ्या इस्पितळाचं नाव काढलं, की सासऱ्यांचं एकच उत्तर, "लग्न होऊन जाऊ दे." नवराही बापाच्याच शब्दाला मान डोलवायचा.

एका दुपारी सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला निघाल्या आणि मधल्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. ओठ निळसर झाले होते. सुनेने बाळाला नणंदेकडे दिलं, रिक्षा बोलावली आणि कुणालाही न विचारता त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. सासरे मागोमाग धावत आले. काळजी होतीच, पण कोण काय बोलून जाईल याची धास्ती त्याहून मोठी होती.

छातीच्या डॉक्टरबाई वयाने सुनेएवढ्याच असतील. त्यांनीही तेच विचारलं. "काय काम करता?"

"घरीच असते," सासरे म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, काका. आजी, तुम्ही सांगा. सकाळी उठलात की काय काय करता?"

सासूबाई गोंधळल्या. आपल्या दिवसाबद्दल कुणी विचारेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "उठते. पाणी भरते. चहा. मग स्वयंपाक. धुणं-भांडी. नेहमीचंच."

"धुणं म्हणजे कसलं, ते सांगा ना आई," सून म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही. फट्, फट् असा तो आवाज आत्ता या खोलीत कुणीतरी केल्यासारखा तिला ऐकू आला होता.

सासऱ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "कामावरचे कपडे हो. आधी झटकायचे, मग भिजवायचे. पत्र्याच्या कारखान्यातले."

डॉक्टरबाईंचा लिहिता हात थांबला. "किती वर्षं?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

मग सगळं भराभर झालं. स्कॅन झाला. छातीत बारीक दुर्बीण घालून आतल्या आवरणाचा तुकडा तपासायला काढला. निकाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. आजाराचं नाव मेसोथेलिओमा. फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग.

"पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं," त्या म्हणाल्या. "त्याचे तंतू केसाहून कितीतरी बारीक. श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच रुततात. आजार वर यायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात."

"पण आयुष्य तिथे मी काढलं," सासरे म्हणाले. आवाज चढलेला आणि तरी कापरा. "मला काही नाही, आणि ही तर कारखान्याच्या दारातसुद्धा गेली नाही!"

"कारखाना रोज त्यांच्या दारात येत होता, काका. धूळ सगळ्यांच्याच अंगात जाते, आजार कुणाला होतो, कुणाला नाही. तुम्हालाही तपासून घ्यायला हवं."

सून पुढे सरकली. "हे... एकाचं दुसऱ्याला होतं का?"

"अजिबात नाही. हा संसर्ग नव्हेच. उष्टं खाल्लं तरी होत नाही."

सुनेने मान खाली घातली. वेगळा काढलेला कप, वेगळं ताट आणि गुडघ्यांवर ठेवलेले ते दोन रिकामे हात. जिच्यापासून बाळाला धोका नव्हता तिच्यापासून त्याला ओढून घेतलं, आणि जिच्यापासून होता ती धूळ स्वतःच्या तोंडाने त्याच्या केसांवरून फुंकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कॉलेजात शिकली होती ना ती? तिला तिथे बसवेना. कसंबसं बाळाचं विचारलं.

"त्याला आत्ता कुठल्याही तपासणीची गरज नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतक्या थोड्या संपर्काचा धोका कमी असतो. पण आजपासून ती धूळ घरात नको. कपडे कारखान्यातच बदलायचे, तिथेच धुवायचे. घरातली धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची."

आणि सासूबाईंचं काय? डॉक्टरबाईंनी खोटी आशा लावली नाही. आजार मुळासकट जाईल असं सांगता येत नाही. पण सलाईनमधून औषध देता येतं, त्याने तो रोखून धरता येतो. पाणी पुन्हा साचू नये म्हणून उपाय आहेत, दुखणं कमी करता येतं, श्वास मोकळा करता येतो. "अजून औषध झेपेल इतकी ताकद आहे. पुढच्या आठवड्यात सुरू करू."

"दोन महिन्यांनी मुलीचं लग्न आहे," सासरे म्हणाले. "त्यानंतर केलं तर?"

"तोवर ही ताकद राहील, असं मी सांगू शकत नाही."

बोलल्या सासूबाईच. "होऊ द्या लग्न. एवढी वर्षं थांबला तो आजार, अजून दोन महिने थांबेल."

आणि तसंच ठरलं असतं. पण चार दिवसांनी नवऱ्या मुलाची आई आणि तिचा भाऊ पुढचं ठरवायला आले. ते यायच्या आत सासऱ्यांनी बायकोला मागच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"विहीणबाई दिसत नाहीत?" मुलाच्या आईने विचारलं.

"बहिणीकडे गेलीय. तिचंही वय झालं ना, बघायला लागतं."

"अगंबाई, आणि आम्ही त्यांच्याशीच भांडायला आलो होतो! पाहुणे किती बोलवायचे यावर दोन बायका भांडल्या नाहीत तर ते लग्न कसलं?"

सगळे हसले. सून पाणी न्यायला म्हणून मागच्या खोलीत गेली. सासूबाई पलंगाच्या कडेला वाकून बसल्या होत्या. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी चादरीचा बोळा तोंडात कोंबला होता. चेहरा काळवंडलेला, डोळ्यांतून पाणी. सुनेला पाहून त्यांनी हातानेच खुणावलं. जा, जा, दार लाव.

सुनेने तो बोळा हलकेच काढला. खोकला बांध फुटल्यासारखा बाहेर आला. बाहेरचं हसणं थांबलं. तिने दार लावलं नाही. बाहेरच्या खोलीत येऊन ती मुलाच्या आईसमोर उभी राहिली.

"काकू, आई बहिणीकडे नाहीत. आत आहेत. त्यांना कर्करोग झालाय. आम्ही तुमच्यापासून लपवत होतो."

"सूनबाई!" सासरे ओरडले.

"बाबा, हा आजार वंशाचा म्हणून आईंना झालेला नाही, आणि त्यांचा कुणाला लागत नाही. तुमचे आणि स्वतःच्या मुलाचे कपडे झटकून झाला. यात आईंनी लाजावं असं काय आहे? लाजायचं तर आपण."

सासरे खाली बसले. नणंद दारात बाळाला घेऊन उभी होती. तिला आत्तापर्यंत क्षय एवढंच सांगितलं होतं. तिने बाळाला भावजयीच्या हातात दिलं. "माझ्या लग्नासाठी आईचं औषध थांबायचं नाही," ती म्हणाली. "आईच्या तोंडात बोळा कोंबून मी लग्नाला उभी राहायची का? राहूच द्या ते लग्न."

मुलाची आई ना रागावली, ना कळवळली. तिने फक्त एक विचारलं, "झटकून? नुसते कपडे झटकून?"

"हो काकू."

"आमच्याकडे तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. चहा अर्धाच ठेवून ती उठली. "निघतो आम्ही."

लग्नाचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणाला विचारायचा धीर झाला नाही. पण त्या आठवड्यात औषध सुरू झालं. नवऱ्याने सुपरवायझरकडे कपडे तिथेच धुवायची सोय मागितली. "बायकोला घाबरला रे हा!" म्हणून पाळीवर खूप हशा पिकला. सोय झाली नाही. मग त्याने कामाचे कपडे शेडमध्ये ठेवायला सुरुवात केली. कपडे धुणं, आंघोळ, दोन्ही तिथेच नळावर उरकायचा. दाराशी बाळाला उचलायचा तो ओल्या केसांनी. हसणाऱ्यांपैकी दोघांनी हळूच विचारलं, साबण कुठला वापरतोस?

पहिल्या सलाईनच्या दिवशी सासूबाई आत खाटेवर होत्या. सासरे पायाशी स्टुलावर बसून, कुणी न सांगता, त्यांचे तळवे चोळत होते. एकमेकांकडे पाहण्याची दोघांनाही चोरी झाली होती. सून बाहेर आली.

लांब बोळात, छातीच्या डॉक्टरबाईंच्या खोलीसमोर, बाकं मांडलेली. टोकाच्या बाकावर वसाहतीतली शिवणकाम करणारी बाई बसली होती, तोंडाला रुमाल बांधून. सुनेला बघताच तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन बाकं सोडून गोदामवाल्याची बायको, तीही तशीच. दोघींची घरं एकमेकींना चिकटून, पण इथे ओळख नसल्यासारख्या बसलेल्या. आणि खांबाच्या आडोशाला मुलाची आई.

सुनेलाही क्षणभर वाटलं, आपण पाहिलंच नाही असं दाखवावं. त्यांची लाज राखावी. आजवर सगळ्यांनी सगळ्यांची हीच लाज तर राखली होती.

"काकू," तिने हाक मारली. बोळभर ऐकू जाईल अशी. "तिकडे वाऱ्यावर काय बसलात? इकडे या. मावशी, तुम्ही पण. नंबर इथून पुकारतात."

बोळातल्या माना वळल्या. शिवणवालीने रुमाल आणखी वर ओढला. गोदामवाल्याची बायको जागची हलली नाही. मुलाची आई मात्र उठली. चालताना मधे एकदा थांबून तिने श्वास घेतला, मग सुनेच्या शेजारी येऊन बसली आणि तोंडावरचा रुमाल सोडला.

"लग्नाचं मागाहून बोलू," ती म्हणाली. "घरी मी देवळात जाते म्हणून सांगून आलेय. आत काय काय सांगायचं असतं गं?"

"सगळं," सून म्हणाली.