एक ‘कॅन’ आणि पंधरा मिनिटं

“इंग्रजी कळतं हो, पण बोलायला तोंड उघडत नाही!” ही तक्रार आपल्या किती घरांत आणि कचेऱ्यांत ऐकू येते! रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कोळंबी गोठवण्याच्या कारखान्यातही तीच रड होती. तिथे गारवा करणारा, अमोनिया या विषारी वायूवर चालणारा नवा कॉम्प्रेसर बसला आणि काही अडलं की चेन्नईच्या इंजिनिअरला फोन लावायची वेळ आली. त्याला ना मराठी येत होती, ना धड हिंदी.

मग प्रयोगशाळेच्या दीपालीमॅडमनी एक टूम काढली. कॅन्टीनच्या फळ्यावर त्यांनी एकच शब्द लिहिला: ‘कॅन’. “आठवडाभर काही मागायचं, विचारायचं असेल तर सुरुवात याच शब्दानं. चुकलं तर चुकलं.”

कॅन्टीनमध्ये गमतीला ऊत आला. “कॅन यू लोणचं पास?” “कॅन आय बस, येसूबाई?” कोळंबी सोलणाऱ्या बायकांची मुकादम येसूबाई म्हणायची, “बस की मेल्या, बाकडा काय माज्या बापाचा हाय?”

शिफ्ट सुपरवायझर रितेशला हे सगळं पोरकट वाटायचं. तो बी. एस्सी. झालेला, दोन वर्षं मुंबईत नोकरी करून आलेला. कारखान्यात त्याचंच इंग्रजी सगळ्यांत बरं, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

एके दिवशी बावीस वर्षं अमोनियाचा प्लांट सांभाळणारे केरूकाका इंजिनिअरशी फोनवर बोलत होते. घाम पुसत ते म्हणाले, “सर, कॅन यू अगेन टेल स्लोली मी?” मागे उभ्या रितेशनं ते मोबाइलवर टिपलं आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांसकट कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जयगडला, केरूकाकांच्या लेकीच्या सासरी पोचला होता.

दुसऱ्या दिवसापासून केरूकाका फळ्यापुढून मान खाली घालून जाऊ लागले. फोन आला की “यस सर, यस सर.” त्यापुढे एक शब्द नाही.

येसूबाईनं रितेशला हात धुण्याच्या नळापाशी गाठलं.

“काय रे, शिकलेला ना तू?”

“अहो, गंमत केली. एवढं काय मनावर घ्यायचं?”

“तो चुकला म्हणून कोन बी हसल. पन तू त्याच्या इचारन्यावर हसलास. आता तो इचारनार नाय. ज्याच्या हातात अमोनिया, त्यानंच इचारायचा सोडला, तर आमी भिंतीपलीकडं बसनाऱ्या बायांनी काय करायचा? सांग!”

“तुम्ही पण ना, येसूबाई!” म्हणून रितेश सटकला. पण तिचे शब्द त्याला बोचत राहिले.

गुरुवारी सकाळी अकराला कॉम्प्रेसर धापा टाकत बंद पडला. तेलाचा दाब उतरला होता. तेलाचा फिल्टर बदलायचा होता, तोही या नव्या यंत्रावर पहिल्यांदाच, आणि शीतगृहात अकरा टन कोळंबी होती. केरूकाकांनी मुखवटा लावला, हातमोजे चढवले, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, उरलेला वायू नळीनं पाण्यात सोडला. रितेश फोन धरून शेजारी उभा राहिला. दाराशी येसूबाई आणि दोन हेल्पर. भिंतीपलीकडे चाळीस बायका कोळंबी सोलत होत्या.

इंजिनिअरचा आवाज तुटक येत होता आणि तो घाईत बोलत होता. रितेशला ‘गेज’ कळलं, ‘झीरो’ कळलं, शेवटचं ‘ओपन’ कळलं. मधलं सगळं वाहून गेलं.

“ओके?” पलीकडून प्रश्न आला.

“यस सर,” रितेशच्या तोंडून निघून गेलं.

“काय म्हनला?” केरूकाकांनी मुखवट्याआडून विचारलं. पाना फिल्टरच्या झाकणाच्या पहिल्या बोल्टवर चढला होता. समोर दाबाचा काटा शून्यावर होता. शून्य झालं, म्हणजे उघडायचं. दुसरं काय असणार? असंच असणार!

“उघडा म्हणतोय,” रितेश म्हणाला.

“नक्की ना?”

रितेशनं हातातल्या फोनकडे पाहिलं. नक्की नव्हतं. आता विचारावं, तर दाराशी उभे असलेले सगळे ऐकणार. साहेबालाही कळलं नाही म्हणणार. ह्यांच्यापैकी कुणीतरी मोबाइल काढला तर? ती भीती त्याला नवी होती. केरूकाका गेले आठ दिवस तीच घेऊन कामावर येत होते, हे त्याला त्या क्षणी कळलं.

पाना किंचित फिरला.

“थांबा, काका!” रितेश ओरडला. “हात काढा! मला नीट कळलेलं नाही.” आणि फोन तोंडाशी नेऊन, सगळ्यांदेखत, तो अडखळत म्हणाला, “सर, सॉरी... कॅन यू से इट अगेन? स्लोली?”

कुणी हसलं नाही.

इंजिनिअरनं एकेक वाक्य सावकाश सांगितलं. काटा शून्यावर आला तरी झाकण उघडायचं नाही. तेलात अडकलेला अमोनिया मागाहून सुटतो. पंधरा मिनिटं थांबा, दाब पुन्हा बघा, चढला तर पुन्हा वायू काढा. काटा शून्यावर टिकला, तरच ओपन.

काकांनी बोल्ट पुन्हा आवळला आणि ते थांबले. चार मिनिटं काटा हलला नाही. सहाव्या मिनिटाला थरथरला. दहाव्या मिनिटाला तो दोन किलो दाबावर होता!

केरूकाका काट्याकडे बघतच राहिले. “झाकन उघडला असता, तर सगळा माज्या तोंडावर...” येसूबाईनं भिंतीला हात टेकला.

आणखी दोनदा वायू काढल्यावर काटा शून्यावर टिकला. फिल्टर बदलला, कॉम्प्रेसर सुरू झाला.

जेवणाच्या सुट्टीत रितेश कॅन्टीनमध्ये उभा राहिला. “आज मी न कळता ‘यस सर’ म्हणालो. काकांचा जीव गेला असता. आणि काकांनी विचारणं सोडलं, ते माझ्यामुळे.” त्यानं व्हिडिओ पुसला. “काका, मला माफ करा.”

केरूकाकांनी भाकरीचा तुकडा मोडला. “पुसलास, बरा केलास. पन लेकीच्या सासरी अजून हसतात तिला. त्यांच्या डोक्यातना कोन पुसनार?”

“मी जातो. संध्याकाळच्या एस्टीनं जयगडला जातो आणि आज काय झालं ते त्यांना सांगतो.”

“जा,” केरूकाका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “जेवलास काय रे तू?” आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

वाचकहो, परकी भाषा बोलताना जीभ अडखळणारच. ज्याला कळलं नाही आणि जो विचारतो, तो अडाणी नव्हे, तो जबाबदार माणूस! त्याला हसून आपण एका माणसाची चूक सुधारत नाही, दहा माणसांची तोंडं बंद करतो. घरात, शाळेत, कारखान्यात कुणी मोडक्या शब्दांत काही विचारलं, तर आधी उत्तर द्या. व्याकरण मागाहून सुधारता येतं. गेलेला जीव परत आणता येत नाही!